बाईंची पाखरं, माझी गुळवेल

सन दोन हजार तेवीस. मला एकाहत्तरावं लागलं होतं. गुडघे कुरकुरत होते, कान धड होते, आणि तोंड तर अजूनही धड आहे.

त्या साली भादव्यात एका विद्वान बाईनं आणि माझ्या पोरानं मिळून मला जेवढं बेजार केलं, तेवढं दुष्काळानंही केलं नव्हतं. बाईंचा हेतू वाईट नव्हता. तेच तर अवघड झालं. वाईट माणसाला शिव्या देऊन मोकळं होता येतं.

आमची मोसंबीची बाग बिडकीनच्या अलीकडं, पैठण रस्ता सोडून आत; घरही तिथंच. बाग आता पोराच्या हातात आहे. ठिबक त्याचं, खत त्याचं, व्यापाऱ्याशी बोलणं त्याचं. मला कुणी काढून टाकलं नाय, पण विचारणं बंद झालं. 'आबा, तुम्ही बसा निवांत' असं पोरगा म्हणला की मी समजायचो, सल्ला नको आहे.

मग मी बसलो. बांधावरच्या कडूलिंबाखाली खाट टाकून बसलो. त्या लिंबावर गुळवेल आहे, मी माझ्या हातानं लावलेली. बुंध्याशी मनगटाएवढी जाड झालीय आणि वर शेंड्यापर्यंत पोचलीय. रोगाची साथ आली तवा कुणीतरी सांगितलं, गुळवेलीचा काढा घ्या, आणि लोक आमचा बांध शोधत यायला लागले. लिंबावर चढलेली गुळवेल जास्त गुणाची, असं आमच्याकडं मानतात. साथ गेली तरी लोक यायचे थांबले नाय. कुणाला साखर, कुणाला सांधे, कुणाचा ताप अंगातनं जात नाय. चितेगावच्या कंपनीत जाणारी माणसं सकाळी मोटारसायकल बांधाला लावायची. बिडकीनचे एक रिटायर मास्तर तर रोजचेच. मी कोयत्यानं वीतभर कांडी कापून द्यायचो. पैसा कधी घेतला नाय. माणसं खाटेवर बसायची, चहा व्हायचा, जमिनीच्या भावाची, लेकीसुनांची बोलणी व्हायची. बिडकीनच्या बाजारात मला 'गुळवेलवाले आबा' म्हणायला लागले. बागेचा मालक म्हणून आता कुणी हाक मारत नव्हतं, पण ही हाक होती.

हे आधीच सांगून ठेवतो. पुढं त्या वेलीबद्दल सगळे बोलले, आणि एवढी एक गोष्ट कुणीच बोललं नाय.

त्या विद्वान बाई त्या सालाआधी दोन पावसाळे आमच्याकडं येत होत्या. शहरातल्या एका कॉलेजात शिकवायच्या. घराणं जुनं, आजोबा भिक्षुकी करायचे, वडील कचेरीत कारकून, आणि बाई स्वतः पाखरांच्या मागं. वय पन्नाशीचं. पायात बूट, अंगात पुऱ्या बाह्यांचा शर्ट आणि कपाळाला बॅटरी बांधलेली. पहिल्या दिवशी बांधावर येऊन म्हणाल्या, "काका, तुमच्या बागेत एक पडदा लावू का?"

"कशाला? सिनेमा आहे का?"

"पतंगांसाठी. पडद्यावर उजेड पाडला की येऊन बसतात. मला त्यांचा अभ्यास करायचाय."

"अभ्यास करून मारणार ना?"

"थोडे घेणार. बाकीचे सोडून देणार."

"सोडून देणार? बाई, चोर धरायचा अन् सोडायचा, हे काम पोलिसाचं. तुम्ही कशाला करता?"

बाई हसल्या. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं. भादव्यात मोसंबीत रस भरला की दिवेलागणीला पाखरं, म्हणजे बाईंचे पतंग, येतात. फळाला टाचणीएवढं भोक पाडून रस ओढतात. सकाळी फळ दाबलं की त्या भोकातून चिळकांडी उडते, मग तिथं तपकिरी डाग पडतो, मग फळ खाली. झाडाखाली फळांचा नुसता सडा. म्हणून आम्ही रोज संध्याकाळी ओला पाला पेटवून बागेत धूर करतो. बाईंना धूर नको होता. निदान एक कोपरा तरी बिनधुराचा ठेवा, म्हणाल्या. पोरानं ठेवला. शिकलेल्या माणसानं काही मागितलं की आमच्या पोराला नाय म्हणता येत नाय. मी मागितलं की बरोबर येतं.

मी बॅटरी घेऊन बागेत फिरायचो आणि फळावर बसलेली बारकी भुरकी पाखरं चपलेनं मारायचो. माझ्या बापानंही तेच केलं, शेजारीपाजारी अजून तेच करतात. बाईंनी एकदा माझा हात धरला.

"काका, यानं भोक पाडलेलं नाही."

"मग काय दर्शनाला आलंय?"

त्यांनी दोन पाखरं आणली आणि भिंग माझ्या हातात दिलं. बारक्याची सोंड मऊ, ओल्या दोऱ्यासारखी. दुसरं पाखरू चांगलं मोठं. पंख मिटले की वाळकं पान, आणि उघडले की खालचे पंख झेंडूसारखे पिवळेजर्द, त्यावर काळा डाग. त्याची सोंड भिंगाखाली बघितली तर करवतीसारखी, दातेरी.

"भोक पाडतो तो हा," बाई म्हणाल्या. "बाकीचे नंतर येऊन त्याच भोकातून पितात."

"म्हणजे मी आजवर पंगतीला आलेले मारले अन् आचारी सोडला."

"हो, अगदी तसंच."

एवढं पटकन 'अगदी तसंच' म्हणायची गरज नव्हती. मी आणखी दोन दिवस बारकीच मारली.

त्यांचं काम काय ते मी खोदून खोदून विचारलं. सोंड मुळात फुलातला मध प्यायला. मग कधीतरी, लाखो वर्षांमागं, कुणाच्या तरी सोंडेला दात आले. ते एकाच मूळपुरुषाला आले आणि पुढं सगळ्या वंशात उतरले, की वेगवेगळ्या घरात वेगवेगळे आले, हे बाई शोधत होत्या. म्हणलं, "म्हणजे भावकी लावताय पाखरांची."

बाई एकदम खूश झाल्या. "काका, माझ्या विद्यार्थ्यांना हे सांगायला मला महिना लागतो."

"किती वर्षं लावताय?"

"वीस होत आली."

"मग? दात एकदा आले का अनेकदा?"

"अजून नक्की सांगता येत नाही."

हे त्यांचं पेटंट वाक्य होतं. औंदा पाखरं जास्त का? नक्की सांगता येत नाही. धुरानं खरंच पळतात का? नक्की सांगता येत नाही. एवढं शिकून नक्की सांगता येत नसंल तर माझी तिसरीपर्यंतची शाळा काय वाईट होती?

आणि ही भावकी तरी धड असावी! बाई एकदा सांगत बसल्या, ही आख्खी शाखा पूर्वी एका कुळात धरत होते, आता तिथून काढून दुसऱ्या कुळात घातलीय. मी म्हणलं, "बाई, आमच्यात गुंठाभर जमिनीचा फेरफार करायचा तर तलाठ्याच्या दारात चपला झिजतात. तुमच्यात आख्खं कुळ हलवतात अन् कुणाची हरकत नाय?"

"असते ना. जन्मभर भांडतात लोक त्यावरून."

हे ऐकून बरं वाटलं. भांडत असतील तर भावकी खरी.

एका सकाळी बाईंनी लिंबाखाली डबा उघडला. टाचणीला टोचलेली दोन पाखरं, हुबेहूब जुळी. मास्तर आणि मी वाकून बघत होतो. बाई म्हणाल्या, या दोन वेगवेगळ्या जाती आहेत.

"वळखता कशावरनं?"

बाईंनी चष्मा पुसला. "पोटाच्या टोकाचे अवयव बघावे लागतात. कापून, भिंगाखाली."

"कोणते अवयव?"

"काका... नर-मादीचे."

मास्तरांच्या नाकातून चहा आला. मी म्हणलं, "आम्ही बैल घेताना दात बघतो. तेवढं बरं आहे." बाई डोळ्यातनं पाणी येईस्तोवर हसल्या. पुढं असंही म्हणाल्या, की यांच्याच भावकीत एक जण जनावराचं रक्त पितो, दूर कुठंतरी जंगलात. मी म्हणलं, तो मोसंबीचा व्यापारी असंल. असे दिवस चालले होते. बाई मला आवडत नव्हत्या असं मी म्हणणार नाय.

मग ती सकाळ आली. बाई रात्रीचा पडदा न्यायला आल्या होत्या. जाता जाता लिंबाजवळ थांबल्या आणि गुळवेलीची पानं उलटी करून बघायला लागल्या. एकदम ओरडल्या, "काका! सापडली!"

मला वाटलं अंगठी बिंगठी. बघतो तर पानामागं अळी. बोटभर लांब, काळपट, आणि अंगाच्या दोन्ही बाजूला रंगानं काढल्यासारखे गोल डोळे. काडी लावली की मुंडकं आत ओढायची आणि शेपूट वर. मारक्या खोंडासारखा आव.

"हे त्या भोक पाडणाऱ्याचं पिल्लू," बाई सांगत होत्या, चेहरा नुसता उजळलेला. "तो मोसंबीवर वाढतच नाही. मादी गुळवेलीवर, वासनवेलीवर अंडी घालते. अळी पानं खाते, दोन पानं चिकटवून त्यात कोष करते. पंख फुटले की मग फळाकडं जायचं. या भागात गुळवेलीवर मला पहिल्यांदा मिळाली. आणखी असणार वर!"

माझा पोरगा खताची गोणी घेऊन मागं उभा होता. त्यानं गोणी खाली ठेवली.

"म्हणजे मॅडम, आम्ही धूर करतोय बागेत अन् पाळणा हलतोय बांधावर?"

बाईंच्या तोंडावरचं हसू तिथंच राहिलं. त्यांनाही कळलं असावं. पण बोललेलं परत आत जात नाय.

"आबा, ही वेल काढून टाकू," पोरगा म्हणला.

"कुणाची वेल?"

"कुणाची म्हणजे? बांधावरची."

"बांधावरची नाय. माझी आहे."

"फळ किती गळालंय बघितलं का?"

"गळालेलं फळ रोजच्या रोज उचलून पुरायचं असतं. ते तुझी माणसं करतात का?"

"विषय बदलू नका, आबा. उद्या सकाळी माणूस सांगतो. मुळासकट काढतो."

मुळासकट म्हणला. नुसती कापली तर गुळवेल मरत नाय. वरच्या फांदीवरून दोऱ्यासारखी मुळं खाली सोडते आणि परत जमीन धरते. हे त्याला ठाऊक होतं, कारण तो लहान असताना मीच दाखवलं होतं. माझीच विद्या माझ्यावर.

थोड्या वेळानं मास्तर आले. मला वाटलं, हा माणूस तरी तडकेल. सगळं सांगितलं. मास्तरांनी चहाची फुंकर मारली आणि म्हणाले, "आबा, खरं सांगू का? हल्ली गुळवेलीच्या गोळ्या मिळतात हो मेडिकलात. पोरगा आणून देतो म्हणत होता मला."

"मग इथं कशाला येता रोज?"

"आता... सवय."

सवय! माझ्या वेलीची कांडी नको, माझी बोलणी नको, सवय. त्या दिवशी मी त्यांना कांडी दिली नाय. त्यांनीही मागितली नाय.

दिवसभर मी विचार केला आणि आयुष्यात कधी करत नाय ते करायचं ठरवलं. कुणाकडं तरी मागायचं. दिवेलागणीला बाई पडदा बांधत होत्या, तिथं गेलो.

"बाई, पोरगा तुम्हाला विचारील. तो माझं ऐकत नाय, पण तुमचा शब्द मोडणार नाय. एवढंच सांगा, वेल काढून फरक पडत नाय."

बाईंनी दोरीची गाठ अर्धी सोडली. "तसं असूही शकतं, काका. हे लांबून उडत येतात. तिकडं डोंगराच्या झाडीत या वेली भरपूर आहेत."

"मग तेच सांगा की."

"पण इथून किती निघतात ते मी मोजलेलं नाही. नक्की कसं सांगू?"

"वीस वर्षं कुणालाच नक्की सांगितलं नाय. माझ्यासाठी एकदा सांगा."

त्यांनी गाठ पुरी केली. मग म्हणाल्या, "काका, वेल राहावी असं तुमच्याइतकंच मला वाटतं. या अळ्या मला इथंच वाढताना बघायच्यात."

घ्या! आख्ख्या जगात माझ्या बाजूनं एकच माणूस, आणि ते अळ्यांच्या पायी.

तेवढ्यात पोरगा आला. सरळ विचारलं त्यानं, "मॅडम, वेल काढली तर पाखरं कमी होतील का?"

मी बाईंकडं बघत होतो. डोळ्यानं जेवढं सांगता येतं तेवढं सांगत होतो. बाई पडद्याकडं बघत होत्या.

"थोडी कमी होऊ शकतात," त्या म्हणाल्या. "नक्की सांगता येत नाही."

पोरानं त्यातला 'थोडी' तेवढा उचलला. "थोडी तर थोडी."

"पण घाई नका करू. अळ्या हातानं वेचल्या तरी..."

"कोण वेचणार, मॅडम? खालचं फळ उचलायला माणूस मिळत नाय मला." आणि तो पाला पेटवायला निघून गेला.

मी बाईंना म्हणलं, "पाखराच्या जिभेला दात किती ते तुम्हाला दिसतं. माझ्या खाटेवर सकाळी माणसं बसतात ती नाय दिसली?"

बाईंचा आवाज बारीक झाला. "काका, मी आज खोटं बोलले असते, तर उद्या माझं खरं तुम्ही मानलं असतं का?"

"व्हय, मानलं असतं."

खरंच मानलं असतं. आजही तेच म्हणतो. पण बाईंना ते पटलं नाय. पडद्यावर पाखरं यायला सुरुवात झाली होती तरी त्यांनी दिवा बंद केला, पडद्याची घडी घातली आणि गाडीत जाऊन बसल्या. 'येते' एवढंच म्हणाल्या. मी 'या' म्हणलो नाय.

सून जेवायला बोलवायला आली. भूक नाय म्हणून सांगितलं. भूक होती. पोरगा आतनं म्हणला, "राहू दे, आबा रुसलेत." रुसायला मी काय नवी नवरी आहे का? मी खाटेवर पडून राहिलो. राग कुणावर काढावा तेच समजत नव्हतं. पोरगा बागेसाठी बोलत होता, बाग त्याची होती. बाई खऱ्यासाठी बोलत होत्या. मास्तर तर बिचारे गोळ्यांबद्दलच बोलले. कुणाचं काही चुकलं नव्हतं आणि वेल माझी जाणार होती. आणि ते 'कोण वेचणार' डोक्यातनं जात नव्हतं. मी समोर उभा होतो. चालता, बोलता, हाताला काम नसलेला माणूस समोर उभा असताना पोरानं विचारलं, कोण वेचणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी, फटफटताच, गोठ्यामागची लाकडी शिडी ओढत नेऊन मी लिंबाला लावली. लोणच्याची रिकामी बरणी गळ्यात अडकवली आणि वर चढलो. गुडघ्यांनी जे म्हणायचं ते म्हणून घेतलं. पानं उलटी करत गेलो. अळी दिसली की चिमटीत धरून बरणीत. दोन पानं एकमेकांना चिकटलेली दिसली की तीपण आत.

पोरगा आला, बरोबर कुदळ घेतलेला माणूस.

"आबा, खाली उतरा. पडाल."

"पडलो तर काढ वेल."

"सगळ्या वेचणार आहात का तुम्ही?"

"दिसंल ती. अन् रोज."

माणसानं कुदळ बाजूला ठेवली आणि खाटेवर बसला. त्याला दिवसाची मजुरी मिळणारच होती. पोरगा म्हणला, "एक अळी जरी दिसली ना मला..." आणि वाक्य अर्धं टाकून बागेकडं गेला.

मग कंपनीतला एक जण मोटारसायकल लावून आला. "आबा, कांडी द्या, उशीर होतोय."

"आजपासून कांडी अशी मिळायची नाय. आधी खालच्या पानांच्या मागं बघ. अळी घावली की आणून दे."

"अन् चावली तर?"

"चावत नाय. नुसती डोळे वटारते."

तो कुरकुरला, पण वाकला. एक घावली त्याला. मी वरनंच कांडी कापून खाली टाकली.

तोवर मास्तर आले. हातात पिशवी, डोक्याला मफलर. शिडीखाली थांबून म्हणाले, "आबा, मी तर आता गोळ्याच..."

"शिडी धरा, मास्तर. हलतीय."

त्यांनी पिशवी खाटेवर ठेवली आणि दोन्ही हातांनी शिडी धरली. मी आणखी वर चढलो. शेंड्याकडची पानं बघायची राहिली होती.